घट

सावदा ते दिल्ली अकराशे, घाट धरून तीस तास.
जम्मू सतराशे. तिथं केळी पोचत नाही,
केळीचा वास पोचतो, असं मेहरबान तडवी म्हणतो.
बावीस वर्षं मी बिल्ट्या लिहितो,
गावांची अंतरं पाढ्यांसारखी पाठ,
आणि उत्तरेला स्वतः बऱ्हाणपूरच्या पुढे गेलेलो नाही.

तेजलनं फोनवर सांगितलं:
फ्रँकफुर्ट ते सिंगापूर, दहा हजार दोनशे ऐंशी,
बारा तास.
सवयीनं विचारलं, मधे थांबा कुठं?
थांबा नाही, बाबा. सरळ.
सरळ कसं?
आमची सरळ सडकसुद्धा आसीरगडाला वळसा घालते.

मग म्हणाली, रात्री अकराच्या सुमारास
मी तुमच्या डोक्यावरून जाईन.

जुन्या बिल्टीच्या पाठीवर मांडून पाहिलं.
ताशी नऊशे, म्हणजे मिनिटाला पंधरा.
सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत
तिरकं धरलं तर एकशे वीस.
आठ मिनिटं.
आठ मिनिटांत तापी, हतनूरचं पाणी,
फैजपूरची तिची शाळा,
तिच्या आईला नेलं तो काठ,
वाघूर, आणि संपलं खान्देश.
आठ मिनिटांत आमच्याकडं
गाडीची ताडपत्रीही बांधून होत नाही.

शंभर किलोमागं तीन किलो घट,
दिल्लीपर्यंत एवढी धरतात, व्यापारी कुरकुर करत नाही.
पाणी उडतं वाटेत, घड तोच असतो.
दहा हजार किलोमीटरला माणसामागं किती धरायची
ते विचारायला माझ्याकडं कोणी व्यापारी नाही.

पावणेअकराला यार्डात आलो.
मेहरबानची गाडी भरून उभी, मागचा टायर बदलणं चालू.
काय भो नेहेते भाऊ, वर काय पाहता? चंद्र तर तिकडं आहे.
म्हटलं, पोरगी जातेय.
त्यानं पाना खाली ठेवला.
क्लीनर पोरगा जॅक धरून तसाच वर बघत बसला.

पहिला दिवा आला तो पश्चिमेकडून. तो नव्हे.
दुसरा दहा पन्नासला, थेट पालच्या डोंगरावरून,
लाल, मग पांढरा, मग लाल,
आवाज मागून, रिकाम्या टँकरसारखा.
हाच, मेहरबान म्हणाला, त्याला कसं कळलं कोण जाणे.

मी धावत जाऊन हॅलोजनचं बटण दाबलं.
यार्ड काळंभोर. परत लख्ख. परत काळं.
तीनदा केलं.
अकरा किलोमीटर वर, म्हणजे इथून फैजपूरपेक्षा थोडं लांब,
रोज सायकलनं जायची ती त्या हिशेबात.
दिवा भुसावळकडं गेला,
मग तो दिवा की तारा ते सांगता येईना.

गाडी अकरा दहाला सुटली.
बिल्टीवर वेळ लिहिली, माल लिहिला, घट लिहिली.

साडेतीनला फोन वाजला. तिकडं सकाळचे सहा.
उतरले, बाबा.
मेहरबान तेव्हा मोरटक्क्याच्या पुलावर होता,
क्लीनरनं नर्मदेत रुपया टाकला, असं तो नंतर म्हणाला.

दिसलं का काही, मी विचारलं.
खिडकी माझी नव्हती. मधली सीट होती.
खिडकीशी होता त्यानं पडदा ओढून घेतलेला, झोपलेला.
समोरच्या पडद्यावर नकाशा होता तो पाहत बसले.
नागपूर होतं, मुंबई होतं.
आणि मधे?
मधे काही नाही, नुसता तपकिरी रंग.
म्हटलं, तपकिरी चूक आहे. तिथं हिरवा पाहिजे.
ती हसली. हसणं थोडं उशिरा पोचलं.
जेवलात का, तिनं विचारलं, पहाटे साडेतीनला,
आणि मी हो म्हणालो.

सकाळी शेठ आले. वॉचमननं सांगितलेलं असणार.
रात्री यार्डातले लाईट का गेले होते?
बिल्टीबुकातून मान वर न काढता म्हटलं,
फेज गेला होता.